काळीपिवळीपासून ॲपपर्यंत

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने "सोसायटीच्या जुन्या आठवणी लिहून द्या" असं मला सांगितलं. पण बोअरवेल, रस्त्याची खडी, पहिला गणपती, विजेच्या खांबासाठी मारलेल्या चकरा, हे सगळं माझ्यापेक्षा चांगलं लिहिणारे आपल्यात आहेत. माझी उभी नोकरी एसटीत गेली. यवतमाळ आगारात आधी वाहक आणि शेवटची काही वर्षं वाहतूक नियंत्रक. त्यामुळे माणूस इथून तिथं कसा जातो, त्याला कोण नेतो आणि त्याचे किती पैसे घेतो, याच्यापलीकडे मला फारसं काही कळत नाही. तेव्हा गेल्या पंचवीस वर्षांचा तेवढाच इतिहास लिहितो. त्यात मुंबईही येईल, कारण आपल्यापैकी निम्म्या घरांतली मुलं आता पुण्या-मुंबईला आहेत आणि आपणही वर्षातून एकदा तरी धामणगावला गाडीत बसून तिकडे जातोच.

२००० साली आपण इथे प्लॉट घेतले तेव्हा हा भाग गावाबाहेर होता. ऑटोवाल्याला पत्ता सांगितला की तो आधी मान हलवायचा. "तिकडं नाही जमत, वापसी रिकामी येते." आला तरी दुप्पट मागायचा. त्याचंही अगदीच चुकत नव्हतं, परतीची सवारी मिळत नव्हती हे खरंच. पण रात्री नऊच्या गाडीनं उतरलेल्या माणसाला हे पटवून घ्यायला जड जायचं. शाळेतून येणाऱ्या आपल्या एका शिक्षिका ताईंना पावसात बसस्थानकापासून चालत यावं लागलं, तेव्हा मासिक सभेत फार गरम चर्चा झाली. शेवटी २००३ च्या दसऱ्याच्या सुमारास तिघा-चौघांनी जाऊन दत्त चौकातल्या ऑटोवाल्यांशी बोलणी केली आणि गेटवर एक पत्र्याची पाटी लावली : गेट ते बसस्थानक इतके, गेट ते दत्त चौक इतके, रात्री दहानंतर दीडपट. पेंटरचे पैसे सोसायटीने दिले. खाली "बाय ऑर्डर" लिहायचं की नाही यावरही अर्धा तास वाद झाला होता. मी म्हटलं, ऑर्डर कुणाची? आपण काय आरटीओ आहोत? मग "परस्पर संमतीने" असं लिहिलं.

ती पाटी लागल्यावर भांडण जवळजवळ मिटलंच. दर कमी होते म्हणून मिटलं असं मला वाटत नाही. बसणाऱ्याला आणि नेणाऱ्याला, दोघांनाही तोच आकडा दिसत होता, म्हणून मिटलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता काळीपिवळीबद्दल. या एका शब्दावरून माझ्या मुलीच्या लग्नात गंमत झाली होती. सोयरे मुंबईचे. बोलणी करायला आमची मंडळी घाटंजीहून आली होती. कुणीतरी सहज म्हणालं, "आम्ही चौदा जण एकाच काळीपिवळीत बसून आलो." व्याही चकित. त्यांच्या डोळ्यांपुढे मुंबईची फियाट टॅक्सी, त्यात चौदा माणसं! आपल्याकडे काळीपिवळी म्हणजे जीप, ट्रॅक्स, नाहीतर सुमो. रंग तोच, कारण टॅक्सीचा परवाना तोच. पण मुंबईची काळीपिवळी एकट्यादुकट्याला हव्या त्या पत्त्यावर नेते आणि आपली काळीपिवळी अख्ख्या गावाला ठरलेल्या रस्त्यावरून नेते. मध्ये कुणी हात दाखवला तर त्यालाही घेते, मागे दोन बकऱ्याही घेते.

एसटीवाल्यांना ती डोळ्यांत खुपायची, मलाही खुपायची. सरकारी भाषेत ती "अवैध प्रवासी वाहतूक". बसस्थानकापासून २०० मीटरच्या आत खासगी प्रवासी गाडी उभी करायची नाही असा नियम, आणि ती बरोबर दोनशे एकाव्या मीटरवर उभी. आमची घाटंजी गाडी फलाटावर लागेपर्यंत तिची सवारी तिकडे ओढली जायची, आमचं भारमान पडायचं आणि मुंबईहून पत्र यायचं की फेरी तोट्यात का? कायद्याचा मुद्दा असा की त्यांचा परवाना "कंत्राटी वाहना"चा. म्हणजे एका पार्टीने पूर्ण गाडी ठरवावी आणि इथून तिथं जावं. सीटप्रमाणे पैसे घेऊन जागोजागी माणसं चढवायची-उतरवायची, ही "टप्पा वाहतूक", ती एसटीची. परवाना एका धंद्याचा आणि करायचा दुसराच धंदा, असा तो प्रकार.

हे सगळं खरं असूनही एक गोष्ट कबूल करतो. ज्या गावाला आमची दिवसातून एकच मुक्कामी गाडी जायची, तिथल्या बाळंतिणीला काळीपिवळीनेच दवाखान्यात आणलं. आणि २०२१ च्या दिवाळीत एसटीचा संप सुरू झाला, तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला, तेव्हा सरकारनेच खासगी गाड्यांना प्रवासी नेण्याची परवानगी दिली. ती २०० मीटरची रेघ माझ्या डोळ्यांदेखत पुसली गेली. मी तेव्हा निवृत्त होतो, बरं झालं.

माझा सख्खा भाचा याच धंद्यात होता. त्याने २००४ साली जुनी सुमो घेतली आणि घाटंजी लाईनला नंबरात लावली. बहिणीच्या घरी जेवायला गेलो की तो गालात हसायचा, "मामा, आज तुमच्या बारा सवाऱ्या पळवल्या." त्याच्याकडून मला त्या धंद्याचा आतला हिशोब कळला. गाडी नंबरात लावायची, एजंट ओरडून सवारी भरणार, त्याला सीटमागे काही रुपये. गाडी भरल्याशिवाय हलायचं नाही. एजंट जास्त खातो अशी तक्रार कायमची होती. पण एजंट समोर उभा असायचा. चहाच्या टपरीवर त्याची कॉलर धरता यायची आणि संध्याकाळी त्याच्याच पैशाने चहाही पिता यायचा.

मुंबईच्या टॅक्सीशी माझी पहिली ओळख १९९४ साली झाली. वडिलांना टाटा हॉस्पिटलला दाखवायचं होतं. विदर्भ एक्सप्रेसने व्हीटीला उतरलो, परळला जायला टॅक्सी केली. पोचल्यावर बाहेरच्या बाजूला बसवलेल्या त्या लोखंडी मीटरमध्ये पाहिलं, आकडा अगदी छोटा, आणि टॅक्सीवाला मागतोय त्याच्या कितीतरी पट. मी एसटीचा कंडक्टर, पैशाच्या बाबतीत मला कोण फसवणार, म्हणून आवाज चढवला. त्या म्हाताऱ्या उत्तर हिंदुस्थानी माणसाने शांतपणे खिशातून एक कार्ड काढून माझ्या हातात दिलं, "पढ लो साहब." मीटरच्या आकड्यापुढे खरं भाडं छापलेलं दरपत्रक होतं ते. भाडं वाढलं की प्रत्येक गाडीचं यंत्र बदलत बसायचं नाही, कार्ड बदलायचं, अशी सोय. मी ओशाळलो. उतरताना त्याने वडिलांना हात धरून उतरवलं.

त्या फियाटचा इतिहास मोठा आहे. मुंबईत घोड्यांच्या व्हिक्टोरियांच्या जोडीला मोटारटॅक्सी आली ती १९११ च्या सुमारास. स्वातंत्र्यानंतर कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट टॅक्सी म्हणून चालू लागली, तिचंच नाव पुढे प्रीमियर पद्मिनी झालं. एक काळ असा होता की मुंबईतल्या टॅक्सींचा आकडा ६० हजारांच्या घरात होता आणि त्यातल्या बहुतेक पद्मिनीच. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली. टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा, त्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली. मुंबईच्या पेपरांनी तेव्हा हळहळून मृत्युलेखच लिहिले. आपली शकुंतला धावायची थांबली तेव्हा आपणही असेच हळहळलो होतो. यवतमाळ–मूर्तिजापूर ११३ किलोमीटरचा तो प्रवास एसटीपेक्षा किती रटाळ होता हे त्या दिवशी कुणी बोललं नाही.

टॅक्सीवाल्यांच्या बाजूची एक गोष्ट मात्र आपल्यासारख्या सहकारी संस्थेच्या सभासदांनी ध्यानात घ्यावी अशी आहे. मुंबईचे टॅक्सीवाले संघटित होते, जॉर्ज फर्नांडिस यांनी त्यांची युनियन बांधली होती. आणि १९६८ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने बॉम्बे लेबर को-ऑपरेटिव्ह बँक निघाली, जिचं नाव पुढे न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँक झालं. श्रमाच्या माणसाला दारात उभं करणारी बँक हवी, हा त्यामागचा विचार. सगळे टॅक्सीवाले मालक झाले असं नाही, कित्येक जण शेठची गाडी शिफ्टवर चालवत. पण परमिट, बॅज आणि गाडी, या तीन गोष्टी आपल्या नावावर करायच्या हे स्वप्न तरी होतं. भाडं सरकार ठरवत होतं, मीटर सील केलेलं होतं, आणि वाढ हवी तर युनियन मंत्र्याकडे जात होती.

मग हे सगळं इतकं चांगलं होतं तर ॲप आलंच कशाला? कारण ते प्रवाशासाठी मुळीच इतकं चांगलं नव्हतं. "उधर नहीं जाएगा" हे मुंबईच्या टॅक्सीवाल्याचं वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. स्टेशनवर पहाटे उतरा, मीटरने कुणी येणार नाही. यंत्राला चिमटा काढून पळवलेली मीटरं वेगळीच. १२ ऑगस्ट २०१० ला मुंबईकर इतके वैतागले की "मीटर जॅम" म्हणून एक दिवस टॅक्सी-रिक्षावर बहिष्कार टाकायची हाक दिली गेली. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात आयआयटी मुंबईत शिकलेल्या भाविश अगरवाल आणि अंकित भाटी या दोघांनी ओला सुरू केली. अगरवाल यांनीच सांगितलेली हकिगत अशी की भाड्याच्या गाडीतून जाताना ड्रायव्हरने अर्ध्या रस्त्यात जास्तीचे पैसे मागितले आणि त्यातून ही कल्पना सुचली. २०१३ मध्ये अमेरिकेतली उबर बंगळुरूमार्गे भारतात आली. मुंबईत मेरूसारख्या फोनवर बोलावायच्या टॅक्सी २००७ पासून होत्याच, पण हातातल्या मोबाईलवर गाडी सरकताना दिसायला लागली तेव्हा लोक खरे वेडे झाले.

माझी मुलगी अंधेरीला राहते. तिच्या तोंडून ॲपविरुद्ध एक शब्द ऐकायला मिळत नाही. रात्री अकराला ऑफिसातून निघताना गाडी कुठं आहे हे तिच्या नवऱ्याला घरबसल्या दिसतं, ड्रायव्हरचं नाव-नंबर दिसतो, सुट्ट्या पैशांची कटकट नाही, "नाही येत" ऐकायचं नाही. बाप म्हणून मला याचं मोल कळतं. माझ्या तरुणपणी एकट्या बाईने रात्री टॅक्सी करणं म्हणजे घरात चर्चेचा विषय असायचा.

पण दोन वर्षांपूर्वी जुलैत आम्ही दोघं तिच्याकडे गेलो होतो आणि दादरला अडकलो. पाऊस असा की काय विचारता! मुलीने फोनवरून ॲपमध्ये पाहिलं, अंधेरीचे सहाशे चाळीस रुपये. सकाळी तोच प्रवास साडेतीनशेत झाला होता. मी म्हटलं, रस्ता वाढला का? ती म्हणाली, "नाही बाबा, मागणी वाढली." आम्ही काळीपिवळीला हात दाखवला. पहिला नाही म्हणाला, दुसरा नाही म्हणाला, तिसऱ्याने काच सुद्धा खाली केली नाही. चौथा आला. मीटरप्रमाणे पावणेतीनशेच्या आसपास झाले. तेव्हा टॅक्सीचं पहिल्या दीड किलोमीटरचं भाडं २८ रुपये होतं, २०२५ च्या फेब्रुवारीपासून ते ३१ झालं. पाऊस पडतोय म्हणून मीटर जोरात फिरलं नाही. हिशोब असा झाला की ॲपची गाडी आली असती, पण दुप्पट भाड्याने. टॅक्सी रास्त भाड्याने आली, पण तीन नकार ऐकून, आणि हिची साडी पूर्ण भिजल्यावर. यातलं चांगलं कुठलं ते ज्याने त्याने ठरवावं. हिने ठरवलंय, ती ॲपवाली आहे.

आता माझ्या भाच्याचं सांगतो. लिहू की नको असं फार दिवस चाललं होतं. त्यालाच विचारलं. तो म्हणाला, "लिहा ना मामा, नाव तेवढं नका टाकू."

२०१६ मध्ये, म्हणजे मी निवृत्त झालो त्याच वर्षी, त्याने सुमो विकली आणि मुंबईला गेला. कुणीतरी सांगितलं होतं की ॲपला गाडी लावली की महिन्याला साठ-सत्तर हजार सुटतात. खोटं नव्हतं ते, तेव्हा सुटत होते. ठरावीक फेऱ्या पूर्ण केल्या की कंपनी वरून बोनस द्यायची. एका फायनान्स कंपनीकडून स्विफ्ट डिझायर घेतली, हप्ता साडेचौदा हजार. जामीनदार मी. सही करताना एसटीवाल्या माणसाने हसावं की रडावं कळत नव्हतं, कारण ॲपच्या गाड्यांचं प्रकरण मला ओळखीचं वाटत होतं. त्या गाड्यांना शहराच्या मीटर टॅक्सीचं परमिट नव्हतं, पर्यटक गाडीचं होतं. मीटर टॅक्सीला सरकारी भाडं बंधनकारक, यांना नाही. टॅक्सी युनियनची ओरड हीच होती. परवाना एका धंद्याचा आणि करायचा दुसराच! आमच्या घाटंजी लाईनचीच गोष्ट, फक्त आता त्यात परदेशी भांडवल होतं आणि गाडीत एसी.

पहिलं दीड वर्ष बरं गेलं. बहिणीच्या घरावर स्लॅब पडला. मग बोनससाठी लागणाऱ्या फेऱ्या वाढत गेल्या आणि बोनस कमी होत गेला. गाड्या वाढल्या, वाट पाहणं वाढलं. तो कोपरखैरण्याला चौघांत एक खोली घेऊन राहायचा आणि चौदा-पंधरा तास गाडीत असायचा. एकदा फोनवर म्हणाला, "मामा, तुमच्या एसटीत तिकीट तरी राह्यते. इथं सवारीले किती लागले अन् मले किती भेटले, हे दोन्ही येगयेगळंच राह्यते. मधातलं कोण खाते ते दिसतच नाही." मला चहाच्या टपरीवरचा एजंट आठवला.

एक दिवस कुणा प्रवाशाने तक्रार केली आणि त्याची आयडी बंद झाली. आयडी बंद म्हणजे फोनवर सवारी येणंच बंद. तक्रार काय, कुणाची, काही कळेना. कंपनीच्या कार्यालयात टोकन घेऊन बसला. काउंटरवरच्या पोरानं सांगितलं, "सिस्टिमने केलंय, सिस्टिमच उघडेल." पाच दिवसांनी उघडली. हे ऐकून मला माझं आरोपपत्र आठवलं. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी माझ्या हिशोबात बारा रुपये कमी भरले होते. चूक माझीच होती. पण त्या कागदावर अधिकाऱ्याची सही होती, आरोप काय ते लिहिलं होतं, उत्तर द्यायला मुदत होती आणि युनियनचा माणूस शेजारी बसला होता. माझ्या भाच्याला कंपनी "पार्टनर" म्हणायची, आणि त्याच्याशी बोलायला तिथं माणूस नव्हता.

ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबईतल्या ॲप-टॅक्सीवाल्यांचा संप झाला, दहा दिवसांच्या वर चालला. हाही त्यात होता. फार काही हाती लागलं नाही. तरी गाडी चालत होती, हप्ता जात होता. मग मार्च २०२० आला. गाडी कोपरखैरण्यात उभी, हा कुणाच्या तरी भाजीच्या टेम्पोत बसून यवतमाळला. रिझर्व्ह बँकेने ऑगस्टपर्यंत हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली होती, पण व्याज थांबलं नव्हतं, हे आम्हाला सप्टेंबरात कळलं. २०२१ च्या सुरुवातीला फायनान्सवाल्यांनी गाडी नेली. विकून जे आलं त्यात कर्ज फिटलं नाही. वरचे एक लाख चाळीस हजार जामीनदाराने भरले, माझ्या ग्रॅच्युइटीतून. आपल्यापैकी पुष्कळ जण विचारतात की माझ्या गच्चीवरच्या लोखंडी सळया अशाच का उभ्या आहेत, वरचा मजला का नाही काढला. तर त्याचं उत्तर हे. हिने आजवर मला एका शब्दाने बोलून दाखवलेलं नाही, आणि तेच जास्त लागतं.

दोष सगळा ॲपचा, असं मी म्हणणार नाही. भाच्याने हिशोब न करता उडी घेतली आणि मी न वाचता सही केली. कोरोनाने तर काळ्यापिवळ्यांचंही कंबरडं मोडलं. पण फरक कुठं पडला हे मला दिसतं. जुन्या टॅक्सीत भाडं सरकार ठरवायचं आणि ते दोघांनाही दिसायचं. त्यात टॅक्सीवाला लबाडी करायचा, ती लबाडी म्हणून ओळखता यायची. ॲपमध्ये भाडं तिसराच ठरवतो, प्रवाशाला एक आकडा दाखवतो आणि ड्रायव्हरला दुसरा. त्यात लबाडी आहे की नाही हेच कळायला मार्ग नाही. आणि गाडी, डिझेल, टायर, पासिंग, हप्ता, दंड, सगळं ड्रायव्हरच्या नावावर.

कायदा मागून चालत आला, नेहमीसारखा. मोटार वाहन कायद्यात "ॲग्रिगेटर" हा शब्द २०१९ च्या दुरुस्तीने आला आणि त्याला परवाना लागेल असं ठरलं, म्हणजे धंदा सुरू होऊन नऊ वर्षं झाल्यावर. मार्च २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की परवान्यासाठी अर्ज तरी करा. तिकडे इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये निकाल दिला होता की उबरचे ड्रायव्हर हे स्वतंत्र धंदेवाले नाहीत, ते कामगार आहेत, त्यांना किमान वेतन आणि भरपगारी रजा मिळाली पाहिजे. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्यानेही ॲप-टॅक्सीला किलोमीटरला २२ रुपये ७२ पैसे असा दर ठरवून दिला. एवढा धुरळा उडवून गाडी पुन्हा सरकारी दरपत्रकावरच येऊन उभी राहिली. त्या म्हाताऱ्याच्या खिशातलं कार्डच म्हणा ना.

अजून एक बातमी आहे, तिच्याकडे मी लक्ष ठेवून आहे. जून २०२५ मध्ये सहकार टॅक्सी को-ऑपरेटिव्ह लिमिटेड ही बहुराज्य सहकारी संस्था नोंदली गेली. अमूल, इफ्को, नाबार्ड अशा मोठ्या संस्था त्यामागे आहेत. ॲप असेल, पण ड्रायव्हर हा सभासद असेल, भागधारक असेल, फेरीमागे कमिशन कापायचं नाही असं म्हणतात. होईल तेव्हा खरं. सहकारात पंचवीस वर्षं काढलेल्या आपल्या सोसायटीला माहीत आहे की भागपत्र हातात असूनही वार्षिक सभेला गणपूर्ती होत नाही आणि अर्ध्या तासाने तहकूब सभा घ्यावी लागते. तरी पण "पार्टनर" म्हणवून घेण्यापेक्षा सभासद असणं केव्हाही बरं, सभेत उठून ओरडता तरी येतं.

भाचा आता यवतमाळलाच आहे. त्याने परत जुनी गाडी घेतली आहे, या वेळी कर्जाशिवाय. आपल्यापैकी बहुतेकांना त्याने धामणगाव स्टेशनला नाहीतर नागपूर विमानतळावर सोडलेलं आहे, फक्त तो माझा भाचा आहे हे काहींना माहीत नसेल. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी "उद्या पहाटे धामणगाव" असं टाकलं की तो अंगठा दाखवतो. एका दिवशी दोघांना जायचं असेल तर तोच दोघांची गाठ घालून देतो आणि भाडं निम्मं निम्मं करतो. वर्धा–कळंब रेल्वे २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाली, ती यवतमाळपर्यंत आली की धामणगावची फेरी बंद पडेल म्हणून त्याला काळजी लागलीय. मी म्हणतो, स्टेशन ते सोसायटी कोण नेईल? तेव्हा तो हसतो.

तक्रार मात्र परत सुरू झाली आहे. मागच्या महिन्यात दोन घरांकडून धामणगावचे वेगवेगळे पैसे घेतले असं माझ्या कानावर आलं. विचारलं तर म्हणतो, एकाची वेळ रात्री दोनची होती, शिवाय तासभर थांबायला लागलं. खरं असेल. पण ते दुसऱ्याला कुठं दिसलं? रौप्यमहोत्सवाची रंगरंगोटी करताना पंप हाऊसच्या मागे ती २००३ ची पाटी सापडली. आकडे पुसट झालेत, "परस्पर संमतीने" तेवढं वाचता येतं. पेंटरला मी सांगून ठेवलंय, पांढरा हात मारून ठेव. धामणगाव, नागपूर, बसस्थानक, रात्रीचा दर आणि थांबण्याचे तासाचे किती, एवढ्या पाच ओळी त्यावर बसतील. भाचा म्हणतो, "आकडे तुम्ही एकट्यानं नका ठरवू मामा, मलेही बोलवा." येत्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता कार्यालयात बसायचं ठरलंय. चहा माझ्याकडून.